वेलांटी नेमकी टेकते तेव्हा

अक्षरांच्या कामात आयुष्य घालवणाऱ्या मित्रमैत्रिणींनो,

आपल्या व्यवसायाचं कौतुक होतं ते बोधचिन्हांमुळे आणि पुरस्कारांमुळे. पण फॉन्ट घडवणाऱ्याचा दिवस ज्या लहानसहान समाधानांवर निभतो, त्यांची दखल आपणही क्वचितच घेतो. ही समाधानं म्हणजे केवळ मनाचा विरंगुळा नव्हे, काम बरोबर झाल्याची ती भरवशाची खूण आहे, असं माझं आज आपल्यापुढे म्हणणं आहे.

ऱ्हस्व वेलांटीचंच पाहा. तिची उभी रेघ अक्षराच्या डावीकडे राहते आणि कमान शिरोरेषेवरून जाऊन अक्षराच्या दंडावर टेकते. 'रि'मध्ये हा पल्ला छोटा, 'स्थि'मध्ये चांगलाच लांब. एकच वेलांटी सगळीकडे वापरली की कुठे ती अलीकडेच थांबते, कुठे दंड ओलांडून पुढच्या अक्षरावर जाते. शिशाच्या खिळ्यांच्या काळात हे बरंचसं चालवून घ्यावं लागे, कारण प्रत्येक रुंदीसाठी निराळा खिळा पाडायचा तर खर्च आणि केसमधले खण दोन्ही वाढत. आज वेगवेगळ्या लांबीच्या वेलांट्या काढून ठेवता येतात आणि पुढचं अक्षर पाहून फॉन्ट त्यातली योग्य ती निवडतो. 'परिस्थिती' टाइप केल्यावर दुसरी कमान अचूक 'थ'च्या दंडावर उतरली की जे बरं वाटतं, त्याला कारण आहे: तिथे वाचणाऱ्याचा डोळा आता अडखळणार नाही. मराठीपुरतं तर हे अधिकच खरं. 'दर्या' आणि 'दऱ्या' यांत समुद्र आणि डोंगरांमधली खोल जागा एवढं अंतर आहे. युनिकोडमध्ये हा 'ऱ्य' लिहिण्याची सोय आहे, पण फॉन्टमध्ये ते रूप नीट काढलं नसेल तर अर्थच बुडतो. देठाचा 'श' आणि पाकळीचा 'ल' ही मराठी वळणाची रूपं शासनाने २०२२ साली पुन्हा अधिकृत केली. संगणकासाठी मात्र हिंदीचा आणि मराठीचा 'ल' एकाच क्रमांकाचा, त्यामुळे मजकूर मराठी आहे हे कळल्यावर मराठी रूप समोर आणण्याची तजवीज कुणीतरी फॉन्टमध्ये करून ठेवावी लागते.

कुणी म्हणेल, मोबदला आणि मान मिळत नाही म्हणून काढलेली ही समजूत आहे. मोबदल्याची तक्रार खरी आहे आणि ती जोरात मांडलीच पाहिजे. समाधान हा पगाराचा भाग म्हणून कुणी दाखवू लागला तर त्याला ठाम नकार द्यावा. पण त्यामुळे समाधान खोटं ठरत नाही. निर्णयसागर छापखान्याची अक्षरं नावाजली गेली, त्याचे मालक जावजी दादाजी यांचं नाव घराघरांत पोचलं. त्या अक्षरांचे पंच कोरणारे राणोजी रावजी आरू किती वाचकांना ठाऊक होते? तरीही त्यांच्या हाताची सफाई त्या पानांवर दिसतेच. दुसरा आक्षेप असा की हे सगळं आता यंत्र करेल. वेलांटी निवडण्याचं काम यंत्र करतंच आहे, आणि करावं. कमान दंडाच्या मधोमध टेकावी की किंचित अलीकडे, हे मात्र मराठी वाचणाऱ्या डोळ्यालाच ठरवावं लागतं.

मला सर्वांत वजनदार वाटतो तो तिसरा आक्षेप: हे समाधान फसवंही असतं. पडद्यावर शंभरपट मोठं करून घासूनपुसून काढलेलं वळण छापल्यावर कुणाला दिसतही नाही, आणि खरी अडचण मात्र तशीच राहते. 'मूर्तींची' हा शब्द वर्तमानपत्राच्या आकारात, साध्या कागदावर छापून पाहा. एकट्या 'त'च्या डोक्यावर दीर्घ वेलांटी, रफार आणि अनुस्वार अशी तिघांची दाटी होते. शाई जराशी पसरली की अनुस्वार रफारात बुडतो आणि अनेकवचन नाहीसं होतं. तो ठिपका मोकळा ठेवण्यासाठी वेलांटीचा फुगीर डौल थोडा कमी करावा लागला, तर तो करावा. अशा अडचणीच्या शब्दांची यादी आपल्यापैकी प्रत्येकाजवळ आहे, आणि ती ज्याच्या त्याच्या संगणकात पडून असते. या संमेलनात त्या याद्या एकत्र कराव्यात आणि नवीन फॉन्ट काढणाऱ्या कुणालाही त्या विनामूल्य मिळाव्यात, अशी माझी सूचना आहे.