ग्रहांचे सीमोल्लंघन

दसऱ्याला गावाची वेस ओलांडून शमीच्या पूजनास जाण्याची, आणि परतताना आपट्याची पाने सोने म्हणून वाटण्याची चाल महाराष्ट्रात जुनी आहे. सीमोल्लंघन हा शब्द मराठी मनात रुजला तो या चालीबरोबर, आणि म्हणून त्याला मांगल्याचा वास आहे. २०१२ साली लडाखमध्ये ज्या सीमोल्लंघनाच्या नोंदी होऊ लागल्या त्यांच्याशी मात्र मांगल्याचा काहीच संबंध नव्हता. तेथील चौक्यांवर रात्रीचा पहारा करणाऱ्या जवानांच्या वह्यांत काळजीची भर पडत होती.

पँगाँग सरोवर समुद्रसपाटीपासून सुमारे सव्वाचार हजार मीटर उंचीवर आहे. त्याचा पश्चिमेकडील भाग भारताच्या ताब्यात आणि पूर्वेकडील चीनच्या. भोवती उघडे डोंगर, हवा विरळ व कोरडी, आणि रात्री असा काळोख की शहरातील माणसाला त्याची कल्पना येऊ नये. या काळोखात पूर्वेच्या डोंगरकडांमागून एक पिवळसर, तेजस्वी गोळा वर येताना जवानांना दिसे. तो संथपणे आकाश चढे, तीनतीन, चारचार तास दिसत राही, आणि मग नाहीसा होई. संध्याकाळी एक दिसे, पहाटे आणखी एक. गोळा येई तो चीनच्या बाजूने, आणि सरके तो भारताच्या बाजूला. हेरगिरी करणारे एखादे मनुष्यविरहित विमान असेच फिरणार, असा तर्क कोणीही केला असता.

जवानांनी तो केला, आणि त्याबरोबर नोंदीही ठेवल्या. जुलै २०१३ मध्ये वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झालेल्या माहितीप्रमाणे, ऑगस्ट २०१२ ते फेब्रुवारी २०१३ या सात महिन्यांत असे गोळे ३२९ वेळा दिसले होते, आणि त्यांपैकी १५५ वेळा त्यांनी सीमा ओलांडल्याची समजूत होती. हा आकडा हसण्यावारी नेण्याजोगा नाही. दोन मोठ्या देशांची सैन्ये जेथे समोरासमोर उभी आहेत, तेथे १५५ अतिक्रमणे ही युद्धाच्या उंबरठ्यावर नेणारी गोष्ट होऊ शकते. त्याच लडाखमध्ये एप्रिल २०१३ मध्ये देपसांगच्या मैदानात चिनी सैनिकांनी खरोखरच तंबू ठोकले, आणि तो पेच सुटावयास तीन आठवडे लागले. खरी घुसखोरी आणि भासमान घुसखोरी एकाच वर्षी, एकाच प्रदेशात घडत होती. त्यांतली कोणती कशी, हे वेळीच कळणे अगत्याचे होते.

२०१२ च्या हिवाळ्यापूर्वी झालेल्या पहिल्या चौकशीत निश्चित उलगडा झाला नाही. पुढे हा प्रश्न बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेकडे गेला. या संस्थेची वेधशाळा लडाखमध्येच हानले येथे, साडेचार हजार मीटर उंचीवर आहे, तेव्हा तिकडचे आकाश तेथील शास्त्रज्ञांना परके नव्हते. त्यांचे उत्तर असे आले की, सीमा ओलांडणारे हे दोन गोळे म्हणजे गुरू आणि शुक्र.

उत्तर ऐकून पुष्कळांनी जवानांची थट्टा केली. ती अन्यायाची होती. त्या वर्षीचे आकाश डोळ्यांपुढे आणले म्हणजे चूक कशी झाली ते कळते. ६ जून २०१२ रोजी शुक्र सूर्यबिंबावरून सरकताना भारतात हजारो लोकांनी काळ्या काचांतून पाहिला. त्यानंतर तो पहाटेच्या आकाशात आला आणि पुढे कित्येक महिने सूर्योदयापूर्वी पूर्वेला तळपत राहिला. खेड्यापाड्यांतून ज्याला शुक्राची चांदणी म्हणतात तीच ही. चंद्र नसला आणि अंधार पुरेसा असला, तर तिच्या उजेडात पदार्थांची सावली पडते. गुरू त्या वर्षी वृषभ राशीत, रोहिणी नक्षत्राजवळ होता. कोणतेही पंचांग उघडले असते तर ते सापडले असते. ३ डिसेंबर २०१२ रोजी तो सूर्याच्या बरोबर समोर आला. म्हणजे इकडे सूर्य मावळे तो तिकडे पूर्वेला गुरू वर येई, आणि रात्रभर आकाशात राही.

मौज अशी की, आकाशातील यच्चयावत् ज्योती उगवतात त्या पूर्वेला आणि जातात त्या पश्चिमेला. पँगाँगच्या काठी पूर्व म्हणजे चीन आणि पश्चिम म्हणजे भारत. अशा ठिकाणी उभे राहून पाहिले तर प्रत्येक तारा रोज रात्री एकदा अतिक्रमण करतो! ज्या चौकीची पाठ पूर्वेकडे असती, तिला हेच ग्रह आपल्या देशातून निघून परदेशी जाताना दिसले असते, आणि तिने कदाचित त्यांची नोंदही केली नसती.

तरीही एक प्रश्न उरतो. शुक्राची चांदणी ज्याने आपल्या गावी शेकडो वेळा पाहिली असेल, अशा माणसाला ती ओळखू का आली नाही? याचे कारण डोळ्यांच्या रचनेत आहे. अंधारातील दूरच्या दिव्याविषयी डोळा दोनच गोष्टी खात्रीने सांगू शकतो, दिशा आणि तेज. अंतर, आकार आणि वेग या तिन्ही गोष्टी मन आपल्या पदरची घालते. दहा पावलांवरचा काजवा, दहा किलोमीटरवरील विमानाचा दिवा आणि त्या डिसेंबरात सुमारे साठ कोटी किलोमीटरवर असलेला गुरू, हे तिन्ही डोळ्याला नुसते बिंदूच. त्यातही स्थिर बिंदूकडे काळोखात टक लावून पाहिले की तो हलू लागल्याचा भास होतो. जर्मन प्रवासी हुंबोल्ट याने १७९९ मध्ये तेनेरीफ बेटावरील पर्वतावरून तारे असे डुलताना पाहिले, आणि ते खरेच डुलतात असे त्याच्यासारख्या चिकित्सक माणसालाही वाटले. ती हालचाल पाहणाऱ्याच्या डोळ्याची असते हे पुढे ध्यानात आले. क्षितिजालगत तर प्रकाशाला हवेचे फार जाड थर ओलांडून यावे लागते, त्यामुळे ग्रहदेखील लुकलुकतो आणि रंग पालटतो. या सर्वांवर कळस म्हणजे अपेक्षा. शत्रूच्या यंत्राची वाट पाहणाऱ्या पहारेकऱ्याला गुरू दिसला तर तो गुरू म्हणून दिसत नाही.

अपेक्षा किती प्रबळ असते याचे उत्तम उदाहरण ‘उडती तबकडी’ हा शब्दच आहे. २४ जून १९४७ रोजी केनेथ अर्नोल्ड नावाचा अमेरिकन वैमानिक वॉशिंग्टन राज्यात रेनियर पर्वताजवळ उडत असताना त्याला नऊ चकाकत्या वस्तू अतिवेगाने जाताना दिसल्या. पाण्यावर भिरकावलेली बशी जशी टप्पे घेत जाते तशी त्यांची चाल होती, असे त्याने सांगितले. त्याची उपमा चालीपुरती होती. वृत्तपत्रांनी ती आकाराला लावली, आणि मग अमेरिकेतील नगरानगरांतून लोकांना बशीच्याच आकाराच्या वस्तू दिसू लागल्या. बातमीदाराच्या एका गैरसमजुतीवरून आकाशातील वस्तूंनी आपला आकार ठरवून घ्यावा, हे नवलच म्हणावयाचे.

अमेरिकेच्या हवाईदलाने या प्रकरणांची चौकशी १९६९ पर्यंत चालविली. १२,६१८ वृत्तांत तपासले गेले. बहुतेकांचा उलगडा ग्रह, तारे, उल्का, फुगे आणि विमाने यांत झाला. ७०१ उलगडले नाहीत. हवाईदलाचे सल्लागार, खगोलशास्त्रज्ञ ॲलन हायनेक आरंभी अशा वृत्तांतांना तुच्छ लेखीत. पण साक्षीदारांशी बोलता बोलता त्यांचे मत पालटले, आणि पाहणाऱ्याची टवाळी करणे हा शास्त्राचा मार्ग नव्हे असे ते सांगू लागले. त्या ७०१ वृत्तांतांवरून परग्रहवासीयांचे आगमन सिद्ध होत नाही. ‘उलगडले नाही’ याचा अर्थ तेवढाच आहे. नासाने नेमलेल्या समितीनेही सप्टेंबर २०२३ मध्ये परग्रहाचा पुरावा आढळत नाही असे म्हटले, पण तिची मुख्य तक्रार होती ती नोंदींच्या निकृष्टपणाविषयी.

टवाळी करणारे विद्वानही तोंडघशी पडतात, हेही सांगितले पाहिजे. आकाशातून दगड पडतात असे युरोपातील शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या सांगत, आणि अठराव्या शतकातील पंडित ती खुळी समजूत मानीत. २६ एप्रिल १८०३ रोजी फ्रान्समधील लेगल गावाच्या परिसरात भरदिवसा सुमारे तीन हजार दगड पडले. सरकारने बियो नावाच्या तरुण शास्त्रज्ञाला पाठविले. त्याने गावोगाव हिंडून साक्षी घेतल्या, दगड तपासले, ते पडलेल्या प्रदेशाचा नकाशा केला, आणि शेतकऱ्यांचे म्हणणे खरे असल्याचा अहवाल दिला.

असाच एक खरा अनुभव विदर्भाच्या वाट्याला आला, तो २ एप्रिल २०२२ रोजी. त्या दिवशी गुढीपाडवा होता. तिन्हीसांजेनंतर, पावणेआठच्या सुमारास, जळत्या ठिणग्यांची एक रांग आकाश कापीत गेली, आणि महाराष्ट्र, मध्य प्रदेश व गुजरात या तिन्ही राज्यांत ती दिसली. कोणी तिला उल्कावर्षाव म्हटले, कोणी क्षेपणास्त्र. पण उल्का क्षणार्धात विझते. ही रांग सावकाश, पाहणाऱ्याला शेजाऱ्यास हाक मारून बाहेर बोलावता येईल इतका वेळ दिसत होती. पृथ्वीभोवती फिरणारी वस्तू खाली येताना सेकंदाला सात-आठ किलोमीटर वेगाने हवेत शिरते, आणि उल्केचा वेग अकरापासून बहात्तर किलोमीटरपर्यंत असू शकतो. ओळखण्याची खूण ती हीच. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी येथे धातूचे एक प्रचंड कडे पडलेले सापडले. त्याचा व्यास दोन-तीन मीटर होता, वजन चाळीस किलोंच्या घरात. पुढे आसपासच्या गावांतून धातूचे पोकळ गोळेही मिळाले. चीनने फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या एका अग्निबाणाचा तिसरा टप्पा त्या संध्याकाळी खाली येणार होता, त्याचेच हे अवशेष, असे अवकाशयानांची गणती ठेवणाऱ्या तज्ज्ञांनी दाखवून दिले.

लडाखमध्ये ज्याला चीनचे यंत्र समजले तो ग्रह निघाला, आणि विदर्भात ज्याला उल्का समजले ते चीनचे यंत्र निघाले! दोन्ही ठिकाणी पाहणारे प्रामाणिक होते, आणि दोन्ही ठिकाणी उलगडा झाला तो एकाच साधनाने: वेळ कोणती, दिशा कोणती, किती उंचीवर, किती वेळ. पँगाँगच्या जवानांनी प्रतिकूल थंडीत या गोष्टी सात महिने लिहून ठेवल्या नसत्या, तर शास्त्रज्ञांना पंचांगाशी ताळा जमवावयास काहीच हाती आले नसते. त्या ३२९ नोंदींपैकी एखादी खरोखर यंत्राची असेलही. मात्र आकाश ओळखणारा पहारेकरीच ती निवडून काढू शकेल. रोहिणीचा तांबूस तारा आणि त्याच्याजवळचा गुरू यांतील अंतर हाताच्या बोटांनी मोजले, आणि दोन तासांनी पुन्हा मोजले, तर ते तेवढेच भरते. यंत्राचे तसे भरणार नाही. या परीक्षेला दुर्बीण लागत नाही.

गुरूला सूर्याभोवती एक फेरी करावयास सुमारे बारा वर्षे लागतात. २०२४ च्या डिसेंबरात तो फिरून वृषभ राशीत, सूर्याच्या समोर आला होता, आणि सूर्य मावळताच पँगाँगच्या पूर्वेकडील डोंगरांमागून पूर्वीसारखाच वर येत होता.