पाळणाघराचा ताळेबंद

(हौगांग येथे मराठी पालकांच्या घरगुती मेळाव्यात केलेले भाषण)



मी इथल्याच एका ब्लॉकखालच्या छोट्या खाजगी पाळणाघरात शिकवते. शिकवते म्हणजे नाक पुसते, भरवते, झोपवते आणि उरलेल्या वेळात शिकवते! आज मात्र मी पैशांबद्दल बोलणार आहे.

गेल्या वर्षी आमच्या मालकीणबाईंनी मला विचारलं, "एक मोठी कंपनी आपलं सेंटर विकत घ्यायचं म्हणतेय. काय करू?" मला काही उत्तर सुचेना. मग आम्ही दोघी हिशेबाची वही घेऊन बसलो.

इथे सरकारी नियम असा की दीड वर्षाखालची पाच बाळं असली की एक शिक्षिका हवीच. दीड ते अडीच वर्षांच्या मुलांना आठामागे एक. म्हणजे माणसं कमी करता येत नाहीत, आणि करूही नयेत. बरं, फी वाढवावी म्हटलं तर शेजारी सरकारी मदतीवर चालणारी सेंटर्स. जानेवारी २०२६ पासून त्यातल्या अँकर ऑपरेटर्सना नागरिकांच्या मुलांसाठी पूर्ण दिवसाची फी ६१० डॉलरच्या वर घेता येत नाही. पालकांसाठी छानच आहे हो! पण आमच्यासारख्यांनी काय करायचं? जागेचं भाडं आपल्या हातात नाही. त्यात मुलंच कमी. २०२३ साली इथला जन्मदर पहिल्यांदाच दर स्त्रीमागे एकाच्या खाली, ०.९७ वर आला.

मग वहीत हलवता येण्यासारखा आकडा एकच उरला. आमचा पगार!

तरी गुंतवणूकदार येतातच. मुंबईच्या युरोकिड्समध्ये २०१९ साली केकेआर ही अमेरिकन कंपनी आली. बिझी बीज या ब्रिटिश साखळीची सूत्रं २०१३ पासून कॅनडातल्या ओंटारिओच्या शिक्षकांच्या पेन्शन फंडाकडे आहेत. गंमत बघा, तिकडच्या बाईंचं पेन्शन इकडच्या बाईंच्या कामातून वाढतंय!

मोठी कंपनी वाईटच असते असं मी म्हणणार नाही. ट्रेनिंग मिळतं, बढती मिळते, आजारी पडलं तर बदली शिक्षिका मिळते. पण कर्ज काढून भराभर सेंटर्स विकत घेतली की काय होतं ते ऑस्ट्रेलियाने पाहिलंय. तिथली सगळ्यात मोठी कंपनी एबीसी लर्निंग नोव्हेंबर २००८ मध्ये कोसळली. सेंटर्स चालू ठेवायला सरकारला पैसे घालावे लागले. पुढे साडेसहाशेच्या आसपास सेंटर्स गुडस्टार्ट या सेवाभावी संस्थेने घेतली.

आमच्या बाईंनी विकलं नाही. भाडेकरार पुन्हा केला, आणि माझी पगारवाढ वर्षभर पुढे गेली. मी 'हो' म्हटलं, कारण माझ्या घरी दुसरा पगार येतो. माझ्याबरोबरची तरुण शिक्षिका 'हो' म्हणू शकली नाही, ती गेली. तिचं काहीही चुकलं नाही. पण तिच्या वर्गातला एक दोन वर्षांचा मुलगा कित्येक दिवस दारापाशी बसून तिची वाट बघत होता. त्याला ताळेबंद कसा समजावायचा?

आपल्याकडे ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं. मुलं शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेली. तिथे अनुताई वाघ आल्या आणि जन्मभर त्याच कामात राहिल्या. या शाळांचं खरं भांडवल म्हणजे टिकून राहिलेली बाई. पण प्रत्येकीने अनुताईंसारखा त्याग करावा अशी अपेक्षा ठेवून धंदा चालवणं बरोबर नाही.

म्हणून एकच विनंती. सेंटर बघायला जाल तेव्हा खेळणी बघा, जेवणाचा मेनू बघा, फी विचारा. आणि आणखी एक विचारा, "माझ्या बाळाच्या बाई इथे किती वर्षं आहेत?" मालक कोणीही असो, हा प्रश्न दहा पालकांनी विचारला की पगाराचा आकडा हलवण्यापूर्वी तो दोनदा विचार करील.

दिवाळीच्या शुभेच्छा! आणि उद्या सकाळी मुलांना वेळेवर आणा बरं का!