काटा दहावर का थांबतो? सुपरचार्जरवाल्या गाडीचा व्हॅक्यूम

आजचा भाग एका व्हॉइस मेसेजमुळे करतोय. डेन्व्हरहून एका श्रोत्याने पाठवलाय. त्यांच्याकडे जुनी पॉन्टिॲक ग्रां प्री जीटीपी आहे. ३.८ लिटरचं व्ही-सिक्स इंजिन आणि त्यावर कारखान्यातूनच बसवून आलेला ईटनचा एम-९० सुपरचार्जर. त्यांनी ३.८ इंचाची मूळ पुली काढून ३.४ ची लावली, कॅम बदलला, आणि मग हौसेनं डॅशबोर्डवर व्हॅक्यूम-बूस्ट गेज बसवलं. आयडलला काटा १० इंचावर. पुस्तकांत तर लिहिलेलं असतं, निरोगी इंजिन १७ ते २१ इंच दाखवतं. गॅरेजवाला म्हणाला, रिंगा गेल्यात, इंजिन उघडावं लागेल. मेसेजच्या शेवटी हे विचारतात, "दादा, खर्च करू की विकून टाकू?"

दोन्ही करू नका. निदान आज तरी नको.

मी इथे डेट्रॉइटजवळ राहतो, आणि माझ्याकडेही हीच गाडी आहे, साधारण हेच बदल केलेली. त्यामुळे हा काटा मी बराच पाहिलाय. आणि एकदा चुकीचाही वाचलाय, ते पुढे सांगतो.

आधी तो काटा काय मोजतो ते बघू. शहाळ्यात स्ट्रॉ घाला, बोटाने चिमटा आणि ओढा. गाल आत जातात ना? तेच. इंजिन हवा ओढतंय, थ्रॉटल जवळजवळ बंद आहे, म्हणून इनटेक मॅनिफोल्डमध्ये हवा विरळ होते. पण गेज आतली हवा थेट मोजत नाही. ते बाहेरच्या आणि आतल्या दाबातला फरक दाखवतं. सगळी गोम इथेच आहे.

समुद्रसपाटीला बाहेरचा दाब २९.९२ इंच पारा. दर हजार फूट चढलात की साधारण एक इंच कमी. डेन्व्हर ५,२८० फुटांवर, म्हणजे बाहेर उरले जेमतेम २५. आता समजा, इंजिनला आयडल राहायला आत १० इंच दाब लागतोय. समुद्रकाठी गेज दाखवेल २० च्या आसपास, डेन्व्हरला १५. इंजिन तेच, तब्येत तीच. मुंबईहून पुण्याला गाडी आणली तरी काटा दोनेक इंच खाली दिसतो, फक्त आपल्याकडे गाडीत गेज लावून कोण बघतंय!

म्हणून स्कॅनर असेल तर मॅप सेन्सरचा आकडा बघा. तो किलोपास्कलमध्ये आणि निरपेक्ष असतो, बाहेरचा दाब त्यात येत नाही. आयडलला ३५ च्या आसपास म्हणजे मूळ कॅमवालं इंजिन सुखात आहे, मग तुम्ही समुद्रावर असा नाहीतर डोंगरावर.

आता कॅम. जास्त ड्युरेशनच्या कॅममध्ये इनटेक व्हॉल्व्ह उघडायला लागतो तेव्हा एक्झॉस्टचा अजून पूर्ण मिटलेला नसतो. या ओव्हरलॅपमध्ये, इंजिन हळू फिरत असताना, जळलेला वायू थोडा उलटा इनटेकमध्ये शिरतो. तेवढा व्हॅक्यूम गेला. मूळ कॅमवर १९-२० दाखवणारं इंजिन मध्यम कॅमवर १५ ला येतं, काटा थोडा थरथरतोही. डेन्व्हरचे पाच वजा करा. झाले १०! या श्रोत्यांचा आकडा तंतोतंत.

आणि लहान पुली? तिने रोटर सुमारे १२ टक्के जास्त वेगाने फिरतात, पण आयडलला तिचा फारसा संबंध येत नाही. या गाडीत थ्रॉटल सुपरचार्जरच्या आधी असतं, आणि सुपरचार्जरला एक बायपास व्हॉल्व्ह असतो. आयडलला आणि निवांत चालवताना व्हॅक्यूमने तो उघडा राहतो, रोटर नुसते हवा गोल फिरवत बसतात. पाय दाबला की व्हॅक्यूम संपतो, स्प्रिंग तो मिटवते आणि बूस्ट तयार होतो. त्या व्हॉल्व्हची बारकी नळी फाटली तर तो कायम मिटलेला राहतो. मग उभ्या गाडीतही सुपरचार्जर किंचाळतो, हवा उगाच तापते, पेट्रोल जास्त जातं. असं झालं तर लोक पुलीला शिव्या घालतात. आधी ती नळी बघा.

आणखी एक प्रश्न मी त्यांना विचारलाय: गेजची नळी नेमकी कुठे जोडलीय? थ्रॉटल आणि सुपरचार्जरच्या मध्ये जोडली असेल तर बूस्ट कधीच दिसणार नाही. तिथे पूर्ण थ्रॉटलला काटा शून्याजवळ यायला हवा. दोन-तीन इंच व्हॅक्यूम शिल्लक राहत असेल तर फिल्टर किंवा थ्रॉटलच हवा अडवतंय. बूस्ट हवा असेल तर जोड रोटरच्या खालच्या बाजूला पाहिजे. आणि ब्रेक बूस्टरच्या नळीत, चेक व्हॉल्व्हच्या पलीकडे जोडली असेल तर विचारूच नका. काटा साठवलेला व्हॅक्यूम दाखवत बसतो, जागचा हलत नाही, आणि आपल्याला वाटतं गेज बिघडलं.

आता माझी गोष्ट. कॅम बसवल्यावर माझं गेज १५ दाखवायचं. काही महिन्यांनी १२ वर आलं. मी म्हटलं, कॅमचंच असणार. बायको म्हणाली, "आवाज बदललाय का रे?" मी तिला ओव्हरलॅप समजावून सांगितला. हसू नका.

मग एका रविवारी मॉलच्या बहुमजली पार्किंगमधून उतरत होतो. एसी चालू, मागे मुलगी. वळणावळणाने चार-पाचदा ब्रेक दाबला आणि पुढच्या वेळी पेडल लाकडासारखं कडक. दोन्ही पाय घालून दाबलं. खांबाच्या हातभर अलीकडे थांबलो. मुलीने विचारलं, "बाबा, असं का थांबलास?" मला दोन मिनिटं बोलताच येईना.

ब्रेक बूस्टर याच व्हॅक्यूमवर चालतो. गेज बसवताना बूस्टरची नळी कापून, मॅनिफोल्डच्या बाजूला मीच टी-जोड टाकला होता. साधी रबरी नळी, स्वस्तातली, गरम भागाला चिकटून गेलेली. ती चिरली होती आणि चीर वाढत चालली होती. बूस्टरमध्ये साठलेला व्हॅक्यूम चार दाबांत संपला आणि भरायला मागून पुरेसा आलाच नाही. कॅमची किंमत १५ होती. १५ चे १२ झाले ते या चिरेमुळे. कॅम एकदाच बदलतो, तो दर महिन्याला काटा खाली नेत नाही, एवढं साधं माझ्या लक्षात यायला हवं होतं.

स्कॅनर तर तेव्हाही सांगत होता. आयडलला फ्युएल ट्रिम बरंच अधिक, अडीच हजार आरपीएमला नेऊन धरलं की जवळजवळ जागेवर. एअरफ्लो सेन्सर असलेल्या गाडीत ही व्हॅक्यूम गळतीची ठळक खूण. बंद थ्रॉटलला फटीतून येणारी न मोजलेली हवा एकूण हवेच्या मानाने जास्त असते, थ्रॉटल उघडल्यावर तिचा वाटा नगण्य होतो. गळती शोधायला गरम इंजिनवर स्प्रे मारत फिरू नका, आग लागते. गॅरेजमध्ये स्मोक टेस्ट करून घ्या.

आणि ब्रेकसाठी ही तपासणी दोन मिनिटांची आहे. इंजिन बंद करून पेडल चार-पाचदा दाबा, कडक झालं की तसंच दाबून धरा, आणि गाडी सुरू करा. पाय थोडा खाली जायला हवा. गेला नाही तर गाडी बाहेर काढू नका.

डेन्व्हरवाल्यांना मी एवढंच कळवलंय की इंजिन उघडायच्या आधी लीक-डाउन टेस्ट करा. नुसत्या कम्प्रेशन टेस्टवर जाऊ नका. विरळ हवा आणि मोठा कॅम, दोन्ही तो आकडा खाली आणतात आणि गॅरेजवाल्याला पुन्हा रिंगाच दिसतील. लीक-डाउनमध्ये आपण बाहेरून दाबाची हवा भरतो, तिथे डोंगराचा संबंध नाही. सहाही सिलिंडर सारखे निघाले तर तो १० आकडा वहीत लिहा, तारीख, गाव, इंजिन गरम होतं की थंड, एसी चालू की बंद, सगळ्यासकट. माझ्या ग्लोव्ह बॉक्समध्ये आता अशी वही आहे. काल सकाळची नोंद: १५, गरम, एसी बंद.

त्यांचा रिपोर्ट आला की सांगतो. तुमच्यापैकी कुणी गेजचा फोटो पाठवणार असाल तर नळी जिथे जोडलीय तिथलाही पाठवा.