विफ आणि पेशीतला रक्षक



आपल्या पेशींमध्ये विषाणूशी लढणारं एक एन्झाइम असतं.
नाव आहे, अपोबेक-थ्री-जी.

पेशीत एचआयव्हीचा नवा विषाणू घडत असताना…
हे एन्झाइम त्याच्या आत शिरून बसतं.
विषाणू पुढच्या पेशीत जातो,
स्वतःचा डीएनए बनवू लागतो…
आणि एन्झाइम कामाला लागतं.
डीएनएमधलं ‘सी’ हे अक्षर बदलून ते ‘यू’ करतं.
एकदा नाही, अनेकदा.
मजकूर इतका बिघडतो, की विषाणू निकामी होतो.

मग एचआयव्ही तगतो कसा?

त्याच्याकडे विफ नावाचं प्रथिन आहे.
2002 साली मायकेल मॅलिम यांच्या गटाने विफ आणि या एन्झाइमचं वैर उघड केलं.

विफ स्वतः एन्झाइमला तोडत नाही.
मला तरी हेच सर्वांत विलक्षण वाटतं.
पेशीत नको असलेल्या प्रथिनांवर खूण करणारी यंत्रणा असते.
विफ या एन्झाइमला तिच्यापुढे आणून उभं करतं.
खूण लागते…
आणि आपलीच पेशी आपल्या रक्षकाला मोडीत काढते.

पुन्हा सांगते, श्रोतेहो.
विफ नसेल, तर एन्झाइम विषाणूला निकामी करतं.
विफ असेल, तर एन्झाइमच उरत नाही.

म्हणून या दोघांची गाठच पडू नये,
असं औषध संशोधक शोधत आहेत.