घरातून बाहेर पडायच्या वाटा
(केळशी येथील प्रौढ वर्गात केलेले भाषण)



नकाशा म्हटला की शाळेच्या भिंतीवरचा नकाशा आठवतो. भारताचा, नाहीतर आपल्या रत्नागिरी जिल्ह्याचा. त्यात केळशी शोधायला गेले तर वरच्या टोकाकडे, समुद्राच्या कडेला, खाडीच्या तोंडाशी एक बारीक टिंब सापडते. कधी तेही सापडत नाही. आज मी ज्या नकाशाविषयी बोलणार आहे तो याहून पुष्कळ लहान आहे. तो तुमच्या घराचा. तो बाजारात मिळत नाही. ज्याचा त्यानेच काढायचा असतो. घराला आग लागली, भिंत खचली, तर आतले माणूस कोणत्या वाटेने बाहेर पडेल, हे त्यात आधीच ठरवून ठेवायचे.

कोणी म्हणेल, "अहो, आपल्याच घरातून बाहेर पडायला नकाशा कशाला? मी डोळे मिटून चालेन माझ्या घरात." बरोबर आहे. दिवसा, सावकाशीने चालाल. पण रात्री दोनला घर धुराने भरले, वीज गेली, मूल रडते आहे, आजी हाका मारते आहे आणि कुलपाची किल्ली सापडत नाही, तेव्हा? तेव्हा विचार करायला वेळ नसतो. माणूस सवयीच्या दाराकडे धावतो. आग नेमकी त्याच बाजूला असली, तर काय करायचे?

आगीत माणसे जळून मरतात असे आपण समजतो. पुष्कळदा ज्वाळा पोचण्याच्या आधी धूरच घात करतो. गादी, प्लॅस्टिक, रंग, कपडे जळले की धुरात विषारी वायू येतो. त्यांतला एक आहे कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. तो छातीत गेला की गुंगी येते, पाय चालत नाहीत. झोपलेले माणूस झोपेतच राहते. धूर गरम असतो म्हणून तो आधी वर, माळ्याकडे जातो आणि मग हळूहळू खाली उतरतो. जमिनीजवळ थोडा वेळ बरी हवा असते. म्हणून धुरात उभे राहून पळू नये. खाली वाकावे, नाहीतर रांगत जावे. तोंडावर ओले फडके धरले तर धुराचा ठसका कमी होतो, पण तो विषारी वायू काही त्या फडक्याने अडत नाही. फडके शोधण्यात वेळ घालवू नका. आधी बाहेर पडा.

आता आपल्याकडचे घर पाहू. पुढे अंगण, मग ओटी, मग माजघर, मग स्वयंपाकघर, मग मागची पडवी, आणि त्यापलीकडे आगर. एकामागे एक खोल्या, आगगाडीच्या डब्यांसारख्या. भिंती जांभ्या दगडाच्या. त्या सहसा जळत नाहीत. पण वर कौलाखाली वासे, रिपा आणि माळा सगळा लाकडाचा. माळ्यावर जुने कपडे, टोपल्या, कागद. उन्हाळ्यात हे सारे कोळ अगदी कडक सुकलेले असते. माणसे निजतात माजघरात, म्हणजे घराच्या अगदी पोटात. चूल किंवा गॅस मागच्या बाजूला. विजेचा मीटर आणि फळी बहुधा पुढच्या बाजूला, ओटीवर. म्हणजे आग लागायच्या दोन्ही जागा दोन्ही दारांच्या जवळ, आणि मध्ये आपण!

गेल्या शनिवारी वर्गात आपण पाटीवर घरे काढली. एका वहिनींचे चित्र मला फार आवडले, कारण ते खरे होते. त्यांनी दोन दारे काढली. पुढच्या दाराला अडसर आणि कुलूप काढले. मागच्या दारापुढे एक मोठा ढीग काढला. मी विचारले, हे काय? त्या म्हणाल्या, "लाकूडफाटा हो. नि सोडणं. पावसाची बेगमी." मग सगळ्यांनीच कबूल केले की पावसाळ्याचे चार महिने मागचे दार अर्धेच उघडते. झड आत येऊ नये म्हणून पडवीला झापं नाहीतर निळे प्लॅस्टिक बांधलेले असते, ते वेगळेच. झापं आणि सोडणं पेटायला कितीसा वेळ लागतो, हे मी तुम्हाला सांगायला नको. चूल पेटवायला तुम्ही तीच घेता.

म्हणजे चित्रात दारे दोन, पण बाहेर पडायची वाट एकच. ही गोष्ट रोज डोळ्यांसमोर असूनही दिसत नव्हती. पाटीवर काढली तेव्हा दिसली. नकाशाचा उपयोग तो हाच.

आता नकाशा कसा काढायचा ते नीट सांगतो. वहीचे एक पान घ्या. घारीने आभाळातून पाहावे तसे घर पाहा, पण कौले काढून ठेवल्यासारखे. भिंतींच्या रेघा ओढा. जिथे दार असेल तिथे रेघ तोडा. खिडकीला दोन बारीक रेघा. खिडकीला गज असतील तर त्यावर फुली मारा, कारण त्या खिडकीतून मांजर जाईल, माणूस जाणार नाही. मग चूल, गॅसची टाकी, मीटर आणि देवघर दाखवा. देवापुढे समई, निरांजन असते, म्हणून देवघरही. त्यानंतर रात्री कोण कुठे निजते ते लिहा. नावे लिहा! आता तुम्हाला लिहिता येते. आजी कुठे, पोरे कुठे, मुंबईहून आलेला मुलगा कुठे. मग प्रत्येक अंथरुणापासून अंगणापर्यंत एक बाण काढा. आणि पहिली वाट बंद आहे असे समजून दुसरा बाण काढा.

दुसरा बाण ज्याचा निघत नाही, त्याच्यासाठी घरात काहीतरी बदलावे लागेल. कधी नुसता लाकूडफाटा हात दोन हात बाजूला रचला की काम होते. तो मांगरात गेला तर फारच उत्तम. कधी आजीचे अंथरूण दाराजवळ आणावे लागते. खिडकीचे गज एका चौकटीत बसवून ती चौकट बिजागऱ्यांवर उघडती करावी आणि तिला आतून बोल्ट लावावा. चोर बाहेरून काढू शकत नाही, आपण आतून काढू शकतो. गावातला सुतार-लोहार हे करून देईल. मला विचाराल तर दाराला नवा रंग देण्याआधी हा खर्च करावा.

कुलपाविषयी दोन शब्द. आपल्याकडे पुष्कळ घरांत फक्त म्हातारी माणसे असतात. कर्ती माणसे मुंबईला. भीतीने दाराला आतून कुलूप लावतात आणि किल्ली उशीखाली ठेवतात, कनवटीला लावतात किंवा डब्यात टाकतात. माणूस घाबरले की डबा कोणता तेच आठवत नाही. रात्री आतून कुलूप लावूच नये. कडी आणि अडसर पुरे. लावायचेच असेल तर किल्ली दाराशेजारच्या खुंटीवर, रोज त्याच खुंटीवर, आणि ती घरातल्या लहान पोरालाही ठाऊक असावी.

बाहेर पडल्यावर कुठे जमायचे? तेही नकाशात दाखवा. अंगणापलीकडचा फणस, नाहीतर पाखाडीवरचा गडगा, कोणतीही एक ठरलेली जागा, घरापासून बाजूला. तिथे माणसे मोजायची. हे न केल्यामुळे, आधीच बाहेर आलेल्या माणसाला शोधायला दुसरा परत आत जातो. कपाटातल्या पैशासाठी, दागिन्यांसाठी तर मुळीच परत जाऊ नका. निघताना मागचे दार लोटून घ्या. बंद दार धुराला आणि आगीला थोडा वेळ अडवते. आणि एखादे दार उघडण्याआधी त्याला हाताची पाठ लावून पाहा. गरम लागले तर पलीकडे आग आहे. ते उघडू नका, दुसरी वाट धरा. मग १०१ किंवा ११२ या क्रमांकावर फोन करा. पण बंब बाहेरगावाहून, वळणावळणाच्या रस्त्याने यायचा. तोवर घरातले सगळे बाहेर आलेले असले पाहिजेत.

इथे एक शंका कालच एका काकांनी काढली, आणि ती योग्य आहे. ते म्हणाले, "वादळात काय? तेव्हा तर बाहेर पडणेच वाईट." अगदी खरे. २०२० साली जूनच्या ३ तारखेला 'निसर्ग' वादळ आले. श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने ते किनाऱ्यावर चढले, आणि आपला हा किनारा त्याच्या तडाख्यात सापडला. वारा ताशी ११० किलोमीटरच्या वर. माड आणि पोफळी आडव्या झाल्या. कौले, पत्रे उडाले. विजेचे खांब पडले, तारा वाटेवर आल्या, आणि तालुक्यातल्या कितीतरी गावांत आठवडेच्या आठवडे अंधार होता. ते तुम्ही भोगले आहे, मी काय सांगू?

म्हणून त्याच नकाशात वादळाचे बाण वेगळ्या रंगाने काढा. आगीचा बाण बाहेर जातो, वादळाचा बाण आत येतो. घरातली सर्वांत पक्की खोली कोणती? जिच्या डोक्यावर माड नाही, जिला पत्रा नाही, जिच्या खिडक्या लहान आहेत ती. तिथे सगळ्यांनी बसायचे. घर कच्चे असेल, किंवा खाडी-समुद्राच्या अगदी काठी असेल, तर इशारा मिळताच, वारा सुटण्याच्या आधी, पक्क्या इमारतीत जायचे. ती वाटही आधीच ठरवावी. आगराच्या बेड्यातून जाणारी जवळची वाट त्या दिवशी उपयोगाची नाही, कारण तिच्यावर दोन्ही बाजूंनी माड आहेत. लांबची, मोकळी वाट बरी. आणि वारा मध्येच एकदम थांबला तर फसू नका. वादळाच्या पोटात शांतता असते. थोड्या वेळाने वारा उलट्या बाजूने येतो. पडलेल्या तारेला तर हात लावूच नका.

घराचे झाले. पण आपण सगळे काही घरातच नसतो. पोरे शाळेत असतात. तामिळनाडूत कुंभकोणम् गावी २००४ साली १६ जुलैला एका शाळेला आग लागली. शाळेच्या स्वयंपाकघरात ठिणगी उडाली आणि शाकारलेल्या छपराने पेट घेतला. वरच्या मजल्यावर लहान मुले होती. उतरायला एक अरुंद जिना. ९४ मुले गेली. त्याआधी १९९७ साली १३ जूनला दिल्लीत उपहार नावाच्या सिनेमागृहात धूर भरला. तळमजल्यावर विजेचे यंत्र पेटले होते, माणसे वर बाल्कनीत बसली होती. बाल्कनीची एक बाजूची वाट जादा खुर्च्या बसवून बंद केलेली होती. ५९ माणसे गुदमरून गेली. पाहा, वाट होती, पण खुर्च्यांसाठी बुजवली! आपल्याकडे नाटकाच्या मांडवात, लग्नाच्या मांडवात हेच होते. पाहुणे वाढले की खुर्च्या वाढतात, आणि त्या नेमक्या जाण्यायेण्याच्या पट्ट्यात येतात. मांडव घालणाऱ्याला सांगा, दोन बाजूंना दोन मोकळे दरवाजे ठेव, आणि तिथे खुर्ची, टेबल, जेवणाची भांडी काही नको.

दार कोणत्या बाजूला उघडते, हेही पाहा. शिकागो शहरात १९०३ साली एका नाटकगृहाला आग लागली. सहाशेच्या वर माणसे गेली. काही दारे आत उघडणारी होती. मागून लोकांचा लोंढा आला, पुढची माणसे दाराला चिकटली, आणि दार आत ओढायला जागाच उरली नाही. ज्या खोलीत पुष्कळ माणसे बसतात तिचे दार बाहेर उघडावे, हे त्यावरून जगाने शिकून घेतले. आपल्या शाळेची दारे कशी उघडतात? उद्या पोरांना सोडायला जाल तेव्हा पाहून या. आत उघडणारी असतील तर शाळा भरते तेव्हा ती सताड उघडी, अडकवून ठेवावीत, आणि शाळा समितीत विषय काढावा.

यात्रेचेही तसेच. साताऱ्याकडे मांढरदेवी येथे २००५ च्या २५ जानेवारीला काळूबाईच्या यात्रेत चेंगराचेंगरी झाली. चढाची अरुंद वाट, दोन्ही बाजूंना दुकाने, पायऱ्यांवर नारळाच्या पाण्याने निसरडे झालेले, आणि मागून गर्दीचा रेटा. पुढे दुकाने पेटली. तीनशेच्या आसपास माणसे दगावली. आपल्या महालक्ष्मीची यात्रा चैत्रात भरते. रथ निघतो, चाकरमानी येतात, गल्ल्या भरून जातात. दुकाने गावच्या उत्पन्नाची आहेत, ती हवीतच. पण जायची वाट एक, यायची वाट दुसरी, आणि दोन्हींवर दुकानाची एकही फळी पुढे आलेली नको, हे गावाने बसून ठरवायला हवे. ठरल्यावर गावचा नकाशा मोठ्या कागदावर काढून देवळाशी, एस. टी. थांब्याशी लावावा. बाहेरचा माणूस आपल्या पाखाड्यांत पहिल्यांदा येतो. त्याला कुठे वळायचे ते ठाऊक नसते.

हेच पर्यटकांना खोल्या देणाऱ्यांना सांगतो. खोलीच्या दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवा. "तुम्ही येथे आहात", असे लिहून एक टिंब, आणि तिथून अंगणापर्यंत बाण. गच्चीवर खोल्या असतील तर जिन्याखाली गॅसच्या टाक्या ठेवू नका. जिना हीच त्यांची वाट.

आता पुढच्या शनिवारचे काम. पाटी नको, वहीचे पान आणा. घर मोजून काढा, पावलांनी मोजले तरी चालेल. अंथरुणापासून दारापर्यंत किती पावले, ते बाणावर आकड्यात लिहा. मग एका रात्री दिवे घालवून, डोळ्यांवर फडके बांधून, घरातल्या सगळ्यांनी ती वाट एकदा चालून पाहा. पोरांना खेळ वाटेल, वाटू द्या. कोण कुठे अडखळले ते त्याच पानाच्या मागे लिहून आणा. ज्यांना 'ढ' आणि 'ठ' अजून जड जातात त्यांनी शेजारच्या पोराकडून तपासून घ्यावे. आणि ज्या वहिनींनी लाकूडफाट्याचा ढीग काढला होता, त्यांनी तो आता कुठे हलवला तेही दाखवावे.