दूर गेलेल्या मुलाची विचारपूस
(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



मास्तरला दोन शब्द बोला म्हटले की तो तासभर बोलतो, ही भीती अध्यक्षांच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसते आहे. परंतु घंटेची शिस्त मी पाळीन.

आपल्या न्यासाने आजवर अनेक मुलांच्या वह्या-पुस्तकांची, फीची आणि वसतिगृहाच्या खर्चाची सोय केली. आता खेळात चमकणाऱ्या मुलांना बाहेरगावी, आणि जमल्यास परदेशीही, शिकायला पाठवावे असा विचार चालू आहे. विचार स्तुत्य आहे. आपल्या बेळगावला ही गोष्ट नवखी नाही. मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रात कोवळ्या वयाची मुले घर सोडून येतात, शाळाही करतात आणि कुस्तीही शिकतात. परंतु मुलगा जितका दूर जाईल, तितकी पाठविणाऱ्याची जबाबदारी वाढते. यासंबंधी एक खरी हकीकत आपल्यापुढे ठेवतो.

आफ्रिकेत केनिया देशात न्याहुरुरू नावाचे गाव आहे. विषुववृत्ताच्या अगदी जवळ, परंतु उंची सुमारे 2,300 मीटर. त्यामुळे हवा थंड आणि विरळ. 1986 साली या भागात सॅम्युअल वांजिरू हा मुलगा जन्मला. घरची गरिबी, आईने कष्टाने वाढविलेले पोर. पायांत मात्र विलक्षण वेग. 2002 साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्याला जपानमधील सेंदाई शहरातल्या एका हायस्कुलात प्रवेश मिळाला. या शाळेचे नाव सेंदाई इकुएई.

आता कल्पना करा. ज्या मुलाने बर्फ पाहिलेला नाही, तो अशा शहरात उतरला की जेथे हिवाळ्यात बर्फ पडतो. जेवण निराळे, वाकून नमस्कार करण्याची रीत निराळी. लिपी तर एक नव्हे, तीन! दोन अक्षरमालिका आणि त्यांवर चिनी चित्राक्षरे, तीही शेकड्यांनी. वर्गातला केर विद्यार्थ्यांनीच काढायचा आणि खेळ आहे म्हणून अभ्यासातून सुटका नाही. आपण मोठी माणसे नव्या गावी बदली झाली तर महिनाभर कुरकुरतो. हा तर पंधरा वर्षांचा मुलगा होता. तरीही तीन वर्षांत तो जपानी भाषा अस्खलित बोलू लागला आणि 2005 साली शाळेचा अभ्यासक्रम पुरा करून बाहेर पडला. शिक्षक म्हणून मला त्याच्या पदकांइतकीच ही गोष्ट मोलाची वाटते.

जपानी शाळांत लांब पल्ल्याची सांघिक शर्यत फार प्रिय आहे. तिला 'एकिदेन' म्हणतात. मुलांच्या राष्ट्रीय स्पर्धेत सात जण मिळून पूर्ण मॅरेथॉनचे अंतर, म्हणजे 42.195 किलोमीटर, वाटून धावतात. प्रत्येकाच्या अंगावर जानव्यासारखा तिरका कापडी पट्टा असतो. आपला टप्पा संपला की तो पुढच्याच्या हाती द्यायचा. म्हणजे मी थकलो तर माझे एकट्याचे नुकसान नाही, माझ्या वाटेकडे डोळे लावून उभ्या असलेल्या सोबत्याचेही आहे. हा धडा पुस्तकातून शिकविता येत नाही.

तेथे तो एक शब्द शिकला, 'गामान'. सहन करणे, न कुरकुरता टिकून राहणे, असा त्याचा अर्थ. आमच्या घरी याला 'सब्र' म्हणतात, आपण मराठीत धीर म्हणतो. जपानने आपल्याला हे शिकविले, असे तो पुढे आवर्जून सांगत असे.

शाळेनंतर एका मोटार कारखान्याच्या संघात तो दाखल झाला. तेथील प्रशिक्षक कोइची मोरिशिता हे 1992 च्या बार्सेलोना ऑलिंपिकमधील मॅरेथॉनचे रौप्यपदक विजेते. शिष्याने 2005 सालीच, अठराव्या वर्षी, अर्धमॅरेथॉनचा जागतिक विक्रम केला. आणि 24 ऑगस्ट 2008 रोजी बीजिंगच्या उन्हात, जेथे इतर धावपटू जपून पावले टाकीत होते, तेथे हा एकवीस वर्षांचा तरुण पहिल्यापासून वेगाने धावला. त्याने 2 तास 6 मिनिटे 32 सेकंदांत शर्यत जिंकली. 1984 पासून उभा असलेला ऑलिंपिक विक्रम जवळजवळ तीन मिनिटांनी मोडला. इतके थोर धावपटू देणाऱ्या केनियाला ऑलिंपिक मॅरेथॉनचे सुवर्णपदक त्याच दिवशी प्रथम मिळाले.

येथे मी थांबलो असतो तर आपण टाळ्या वाजविल्या असत्या आणि मुलांना चांगले उदाहरण मिळाले असते. परंतु अर्धी हकीकत सांगणे हे खोटे सांगण्यासारखेच आहे.

2009 साली त्याने लंडन आणि शिकागो जिंकले. 2010 साली पुन्हा शिकागो. जगातील प्रमुख मॅरेथॉन शर्यतींच्या मालिकेचे पाच लाख डॉलरचे बक्षीस त्याला दोनदा मिळाले. ज्या घरात पैशाची चणचण, त्या घरात एकाएकी पैशाचा पूर आला. घरचे कलह वाढले, ते न्यायालयापर्यंत गेले. आणि 15 मे 2011 रोजी न्याहुरुरू येथे आपल्याच घराच्या सज्जावरून पडून तो मरण पावला. वय चोवीस. ते कसे घडले याविषयी पुष्कळ वाद झाले. त्यात मी शिरत नाही.

कोणी म्हणेल, परदेशाने मुलगा बिघडविला. मला ते अन्यायाचे वाटते. परदेशाने त्याला भाषा दिली, शिस्त दिली, धीर दिला. तेथे पहाटे उठविणारे कोणी होते, चुकला तर बोलणारे कोणी होते. मला राहून राहून वाटते ते इतकेच, की सहनशक्ती शिकविणारे पुष्कळ भेटतात. पण सहन होत नसेल तेव्हा कोणाकडे जायचे, हेही मुलाला कोणीतरी शिकवावे लागते.

हे मी दुसऱ्याकडे बोट दाखवून बोलत नाही. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गातला एक चपळ मुलगा दूरच्या क्रीडा वसतिगृहात गेला. त्याची शिफारस मीच केली होती. वर्षभरात मी त्याला दोन पत्रे लिहिली आणि दोन्हींत एकच विचारले, "कितवा आलास?" सुटीत तो आला तेव्हा शेजाऱ्यापाजाऱ्यांनीही तेच विचारले. तो काहीच बोलला नाही आणि परत गेलाही नाही. पुढे त्याची आई मला म्हणाली, "सर, तिथं त्याला जेवण जात नव्हतं. रोज रात्री रडायचा. तुम्हाला सांगायची त्याला लाज वाटली." बंधुभगिनींनो, हे वाक्य मी अजून विसरलो नाही.

म्हणून विश्वस्त मंडळींना माझी तीन गोष्टींची नम्र विनंती आहे. पहिली, मूल ज्या प्रांतात किंवा देशात जाणार तेथील भाषा त्याला जाण्यापूर्वी सहा महिने तरी शिकवावी. तो खर्च शिष्यवृत्तीतच धरावा. दुसरी, प्रत्येक मुलामागे न्यासाचा एक सभासद नेमावा. त्याने दर पंधरवड्याला चौकशी करावी आणि पहिला प्रश्न निकालाचा नसावा, जेवणाचा नि झोपेचा असावा. तिसरी, मूल जिंको वा हरो, परतल्यानंतरही ही देखरेख काही वर्षे चालू ठेवावी. हरलेल्याला पुन्हा शाळेत बसवावे. जिंकलेल्याला पैशाचा हिशेब शिकवावा. जिंकलेल्याला त्याची गरज अधिक असते.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही खुशाल दूर जा, नवी भाषा शिका, पडा, पुन्हा उठा. मात्र फारच जड झाले तर घरी कळवायला लाजू नका. एकिदेनमधला तो पट्टा आठवा. आपला टप्पा धावून झाला की तो दुसऱ्याच्या हाती द्यायचा असतो. आणि आपण मोठ्यांनी तो घ्यायला रस्त्याच्या कडेला वेळेवर उभे असले पाहिजे.

घंटा झाली.