दगडाची झिलई आणि माणसाची छाती



कामगार संघटनेचा माणूस व्यासपीठावर उभा राहिला म्हणजे आता महागाईभत्ता, बोनस आणि संप यांचा पाढा ऐकावा लागणार, असे श्रोते गृहीत धरून बसतात. आज आम्ही तो पाढा म्हणणार नाही. आज आम्ही गारगोटीवर बोलणार आहोत. विषय लहान आहे, मुठीत मावेल एवढा. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि वाचनालयात जास्त झालेले. म्हणून परिभाषेपेक्षा उदाहरणांवर आमचा भर राहील.

गारगोटी म्हणजे काय, हे शिरड शहापूरच्या मंडळींना सांगायला नको. काळ्या रानात ती पायाला लागते. पांढरट, पिवळट, एखादी तांबूस. फुटली तर आतून मेणासारखी तकाकी. लहानपणी अंधाऱ्या खोलीत दोन गारगोट्या एकमेकींवर घासून उजेड पाडण्याचा खेळ आपण सर्वांनीच केलेला आहे. या गारगोटीची कथा मोठी आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी या भूमीवर तप्त शिलारसाचे लोट एकावर एक पसरले. त्यांचाच थिजून काळा पत्थर झाला आणि तो आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर मुलुखावर पसरलेला आहे. शिलारस थंड होत असता त्यात वायूचे बुडबुडे अडकले. पुढे पाण्याबरोबर झिरपत आलेल्या सिलिकेने त्या पोकळ्या थरावर थर देत भरून काढल्या. तीच गारगोटी, आणि थरांचे पट्टे सुरेख उमटले असले की तोच अकीक. काळा पत्थर ऊनपावसाने कुजून त्याची माती झाली, कापूस पिकवणारी. गारगोटी मात्र कुजली नाही. ती रानात तशीच उरली.

तिच्या या चिवटपणाचे मोजमाप झालेले आहे. फ्रीड्रिख मोस या जर्मन शास्त्रज्ञाने १८१२ साली खनिजांच्या कठीणपणाची दहा पायऱ्यांची शिडी बांधली. शंखजिरे पहिल्या पायरीवर, हिरा दहाव्या. खिडकीची काच साडेपाचच्या आसपास, गारगोटी सातव्या पायरीवर. वरच्या पायरीवरचा पदार्थ खालच्यावर ओरखडा काढतो, एवढाच त्या शिडीचा नियम. म्हणजे गारगोटी झिजवायची तर तिच्याहून कठीण काही तरी हवे. आपल्याकडे त्यासाठी कुरुंद होता. इंग्रजीतील त्याचे नाव या आपल्याच देशी शब्दावरून गेलेले आहे. पुढे १८९१ साली एडवर्ड अ‍ॅचेसन हा अमेरिकन माणूस विजेच्या भट्टीत कृत्रिम हिरे करू पाहत होता. हिरे झाले नाहीत. सिलिकॉन कार्बाइड झाले. त्याची पायरी नवाच्या वर. ज्याला बाजारात कार्बोरंडम म्हणतात, तो हाच पदार्थ.

आता ओबडधोबड गारगोटीला आरशासारखी झिलई कशी येते ते पाहू. त्यासाठी एक साधे यंत्र असते. हौशी मंडळी त्याला टंबलर म्हणतात. आतून रबर लावलेला, घट्ट झाकणाचा एक डबा, आणि तो आडवा ठेवून फिरवणारे दोन रूळ. डब्यात दोनतृतीयांश ते तीनचतुर्थांश भरतील इतके दगड घालायचे, कार्बोरंडमची भरड पूड घालायची, दगड जेमतेम बुडतील इतके पाणी घालायचे, आणि यंत्र चालू करून द्यायचे. डबा संथ फिरतो. दगड एका बाजूने वर चढतात आणि वरच्या थरातून घसरत खाली येतात. हे घसरणे म्हणजेच घासणे. वेग फार वाढवला तर दगड डब्याच्या भिंतीला चिकटून नुसते गरगर फिरतात, किंवा एकमेकांवर आदळून त्यांचे टवके उडतात. वेग फार कमी केला तर ते जागचे हलत नाहीत.

असा सुमारे आठवडा गेला की कोपरे मोडतात. मग डबा रिकामा करून सगळे स्वच्छ धुवायचे आणि दुसरी, अधिक बारीक पूड घालायची. सुताराच्या काचकागदाला नंबर असतात, तसेच या पुडीला असतात. आधी ६० ते ९० नंबरची, मग १२० ते २२० ची, मग ५०० ची. आणि शेवटी अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड किंवा सीरियम ऑक्साइड यांची पिठासारखी झिलईची पूड. प्रत्येक पायरीला सुमारे आठवडा; म्हणजे एकूण महिना लागतो. मधल्या धुण्यात हयगय केली आणि भरड पुडीचा चिमूटभर अंश पुढच्या पायरीत गेला, तर महिन्याची मेहनत वाया जाते. काचेचे तुकडे घोळायचे तर आणखी सांभाळावे लागते. काच मऊ आणि ठिसूळ. तिला पाणी जास्त लागते, मध्ये प्लास्टिकच्या मण्यांची गादी लागते, आणि गारगोटीबरोबर एकाच डब्यात तिला घालून चालत नाही. गारगोटी तिला खाऊन टाकील.

हे यंत्र पाश्चात्त्यांनी आपल्याला शिकवले, असे मात्र कोणी समजू नये. नदी हे काम अनादि काळापासून करते आहे. देवघरातले नर्मदेचे बाण हे तिनेच घोळलेले गोटे. आणि खंबायतच्या कारागिरांनी हीच युक्ती कातड्याच्या पिशवीत बसवली होती. अकिकाचे मणी, कुरुंदाची पूड आणि अकिकाचीच बारीक भुकटी एका जाड चामड्याच्या पिशवीत भरून तोंड बांधावयाचे. खोलीच्या दोन टोकांना माणसे बसावयाची आणि वादीने ती पिशवी इकडून तिकडे, तिकडून इकडे ओढावयाची. असे दहा ते पंधरा दिवस. पिशवी सतत ओली ठेवावयाची. पुढे पिशवीच्या जागी विजेचे पिंप आले. तत्त्व तेच राहिले.

या धंद्याशी आपल्या मराठवाड्याचे नाते जुने आहे. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासपुस्तकात नोंद आहे की पैठणहून अकिकाच्या जातीचा दगड मोठ्या प्रमाणावर गाड्यांत भरून, रस्ते नसलेल्या मुलुखातून भडोच बंदरात नेला जाई. रोमच्या बायकांच्या गळ्यात जे मणी गेले, त्यांतला काही माल आपल्या गोदाकाठचा होता. गाडीवानाचे आणि मणियाराचे नाव त्या पुस्तकात नाही. तसे ते कोठेच नसते.

आता आमच्या मूळ मुद्द्याकडे येतो. आपल्याकडे म्हण आहे, टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही. औंढ्याला नागनाथाच्या मंदिराची शिल्पे पाहताना ही म्हण आपल्या सर्वांच्याच मनात येते. परंतु म्हणीत फक्त दगडाचे सोसणे मोजलेले आहे. झिलई म्हणजे बाहेरून काही चढवणे नव्हे. झिलई म्हणजे दगडातून काही काढून टाकणे. गुळगुळीत झालेला प्रत्येक दगड आपला काही भाग गमावून बसलेला असतो. मग जे निघाले ते गेले कोठे? डब्यात पाणी असेल तर ते पाण्यात गेले, त्याचा राखाडी चिखल झाला. पाणी नसेल तर ते हवेत गेले, आणि हवेतून जवळ बसलेल्या माणसाच्या छातीत गेले. तिसरी वाट नाही.

गारगोटीच्या धुळीतले जे कण डोळ्यांना दिसतात, ते नाकात व घशात अडकतात आणि खाकरून बाहेर पडतात. घात करतात ते न दिसणारे. केसाच्या जाडीच्या दहाव्या भागाइतके आणि त्याहूनही बारीक. ते फुप्फुसाच्या अगदी शेवटच्या कप्प्यात पोचतात. तेथे शरीराच्या रक्षक पेशी त्यांना गिळतात आणि गिळून स्वतःच मरतात. त्या जागी व्रण धरतो, फुप्फुस कडक होत जाते, दम पुरेनासा होतो. या रोगाला सिलिकोसिस म्हणतात. धूळ थांबली तरी तो थांबेलच असे नाही, आणि झालेला व्रण पुसणारे औषध नाही. शिवाय अशा छातीत क्षयाला घर लवकर मिळते. म्हणून पुष्कळदा निदान नुसत्या क्षयाचे होते आणि खरा गुन्हेगार मोकळा सुटतो. तोंडाला बांधलेला रुमाल या कणांना अडवू शकत नाही.

खंबायतची शोकांतिका येथेच आहे. मणी पिंपात घोळण्याचे काम ओले असते, ते सहसा छातीला बाधत नाही. त्याच्या आधीची पायरी घातक: कच्च्या मण्याला विजेवर फिरणाऱ्या कुरुंदाच्या चाकावर आकार देणे. हे काम कोरडे, आणि घरातल्याच खोलीत चालणारे. घासणारा एक, पण ती हवा घेणारे घर सगळे. शेजारीही त्यातून सुटत नाहीत. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने या कारागिरांची तपासणी करून सिलिकोसिसची नोंद केलेली आहे. गोध्र्याकडे तर गारगोटी दळून तिचे पीठच करीत. तेथे कामाला गेलेल्या मध्य प्रदेशातील आदिवासी मजुरांपैकी २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी ३ लाख रुपये द्यावेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली दिला. एका माणसाच्या छातीची किंमत ठरायला आधी तो माणूस मरावा लागला.

आता कोणी विचारील, पाण्याची एक नळी सोडायला काय हरकत होती? हाच प्रश्न एका दगड कापण्याच्या कारखान्यात आम्ही विचारला होता. नळी होती, तोटीही होती, बंद होती. मालक म्हणाले, चिखल होतो. पण आम्हांला अधिक विचार करावयास लावले ते कामगारांच्या उत्तराने. ते म्हणाले, “साहेब, ओल्यात नग कमी निघतो. मजुरी नगावर आहे.” पाण्याच्या नळीचा कॉक वरकरणी भिंतीवर होता, खरा कॉक मजुरीच्या दरात होता. म्हणून आमच्या मागणीपत्रावर पहिली मागणी पगारवाढीची नव्हती. पहिली मागणी ओल्या कामाची होती, आणि दुसरी ओल्या कामाचा दर वेगळा बांधण्याची. पहिली मान्य करून दुसरी नाकारायला मालक लगेच तयार झाले. आम्ही कामगारांना सांगितले, दोन्ही एकत्र नाही तर काहीच नाही. कारण दराशिवाय आलेले पाणी आठ दिवसांत पुन्हा बंद होईल, आणि ते आपणच बंद करू. तीन आठवड्यांच्या वाटाघाटीनंतर दोन्ही मागण्या मिळाल्या. ज्यांच्या छातीत धूळ आधीच बसली होती, त्यांना मात्र त्या कराराने काही परत दिले नाही.

कायदा काय करतो, असेही आपण विचाराल. १९४८ च्या कारखाना कायद्याने सिलिकोसिस हा सरकारला कळवावयाच्या रोगांत घातला होता. पण कारखाना कशाला म्हणावयाचे? विजेवर चालत असेल तर १० कामगार, विजेशिवाय २०. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या, २०२० च्या संहितेने हेच आकडे २० आणि ४० केले. घरातल्या खोलीत चाकापाशी बसलेली चार माणसे दोन्ही हिशेबांत बसत नाहीत. सरकारने मनात आणले तर धोक्याचे काम लहान जागेतही कायद्याखाली आणता येते. पण सरकारच्या मनात यावे यासाठी कोणी तरी दार ठोठवावे लागते. एकटा माणूस दार ठोठावतो तेव्हा आवाज आत जात नाही. संघटनेचा उपयोग एवढाच आहे, आणि एवढा तो पुष्कळ आहे.

आपल्यापैकी एखादा शिक्षक किंवा विद्यार्थी हौसेने असा फिरता डबा करील, तर आम्हांला आनंदच होईल. जुनी मोटर, दोन रूळ आणि रानातल्या गारगोट्या, एवढ्यावर भूगर्भशास्त्राचा उत्तम पाठ होतो. पण चार गोष्टी पाळाव्यात. दगड फोडणे-घासणे नेहमी ओलेच करावे. डब्यातला चिखल मोरीत ओतू नये; तो नळात सिमेंटासारखा घट्ट बसतो. तो कोरडा होऊ द्यावा तर बंद भांड्यात, आणि सांडलेला वाळला तर झाडू मारू नये, ओल्या फडक्याने टिपून घ्यावा. कारण वाळलेला चिखल म्हणजे पुन्हा तीच धूळ. आणि चौथी गोष्ट, मूल जवळ असेल तर ही तिन्ही दुप्पट काळजीने पाळावीत.

शेवटी आपल्याच तालुक्यातले एक उदाहरण देतो. औंढ्याजवळ दुधाळ्याच्या शिवारात लायगो-इंडिया ही वेधशाळा उभारण्यासाठी केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपयांच्या खर्चाला मंजुरी दिली. आकाशातल्या दूरच्या उलथापालथींनी अवकाशात उठणारे सूक्ष्म तरंग तेथे मोजावयाचे आहेत. त्या यंत्राच्या प्रत्येक बाहूची लांबी ४ किलोमीटर, आणि टोकांना आरसे. अमेरिकेतल्या अशाच वेधशाळेतला एक आरसा सुमारे ४० किलो वजनाचा आहे. तो शुद्ध सिलिकेच्या काचेचा. म्हणजे द्रव्य आपल्या गारगोटीचेच. भरड पुडीपासून बारीक पुडीकडे जाण्याची जी वाट आपण आज पाहिली, तिच्याच शेवटच्या टोकाची ती झिलई. त्या आरशावर धुळीचा एक कणही बसू नये म्हणून केवढी व्यवस्था असते! हवा गाळून घेतात, माणसे डोक्यापासून पायापर्यंत झाकून आत जातात.

विज्ञानाचे हे काटेकोरपण आम्हांला वंद्य आहे. आमचे मागणे इतकेच की धूळ मोजण्याची, गाळण्याची आणि अडवण्याची जी विद्या आरशासाठी वापरता येते, तिच्यातला थोडासा हिस्सा चाकापाशी बसलेल्या माणसाच्या वाट्याला यावा. त्याला गाळलेल्या हवेचे दालन नको आहे. त्याला पाण्याची एक नळी हवी आहे, आणि ती उघडी ठेवून पोट भरेल असा दर हवा आहे.